न चाखता घातलेलं मीठ

ओकनामच्या घरातून भूक निघून गेली ती मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी.

आदल्या दिवशी तिने पोटाला चौथी सुई टोचून घेतली होती. आठवड्याला एक. मुंगी चावल्याइतकंच दुखायचं. सकाळी तिने सवयीने भात लावला, समुद्रशेवाळाची पानं तेल लावून भाजली, खारवून आंबवलेली मुळ्याची किमची काढली आणि जेवायला बसली. चार घास खाल्ले. पाचवा उचलला आणि तो तसाच हातात राहिला. घास नकोसा झाला होता असं नाही. फक्त हवासा नव्हता.

तिने तो खाली ठेवला आणि कान दिला. फ्रिज घुरघुरत होता. बाहेर खाडीकाठच्या बल्ग्यो गावच्या बाजारात कुणीतरी मासळीच्या पेट्या फरफटत नेत होतं. पण तिच्या आतला आवाज थांबला होता. साठ-बासष्ट वर्षं तो चालू होता. न्याहारी करताना दुपारी काय रांधायचं ते सांगायचा, दुपारी जेवताना रात्रीचं विचारायचा. शेजारच्या घरातला रेडिओ कुणी हात लांब करून बंद करावा, तसा तो थांबला.

त्या शांततेत तिने उरलेला भात झाकून ठेवला. थोडं बरं वाटलं. थोडी भीतीही वाटली.

ओकनामची भूक बाजारात प्रसिद्ध होती. तिचं दुकान तोंडी लावण्यांचं. तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेले सोयाबीन, गोडसर परतलेली सुकी मासळी, कमळाची मुळं. लोक यायचे आणि विचारायचे, "मावशी, आज काय चांगलं आहे?"

"म्हणजे एरवी काय वाईट असतं?" असं म्हणत ती एक चिमूट गिऱ्हाइकाच्या तोंडात घालायची आणि दुसरी आपल्या. खाताना तिचे डोळे मिटायचे. गिऱ्हाईक पुष्कळदा स्वतःच्या जिभेपेक्षा तिच्या मिटलेल्या डोळ्यांवर भरवसा ठेवून विकत घ्यायचं.

भूक तिच्याबरोबरच लहानाची मोठी झाली होती. सहा भावंडांत ती पाचवी. हिवाळ्याचा तांदूळ संपलेला आणि शेतातल्या जवात अजून दाणा भरलेला नाही, अशा दिवसांत आई रानातला पाला उकळून त्यात मूठभर कण्या टाकायची. ओकनाम खालून तापवलेल्या गरम जमिनीवर पोट दाबून पालथी पडायची. भूक पोटातून उतरून जमिनीत जाते असं तिला वाटायचं. पण उठली की ती पुन्हा सोबत असायची. बहिणी एकेक करून सासरी गेल्या. भूक राहिली.

ओकनाम लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच श्राद्धाला तिला चुलीपुढे उभं केलं. गोमांस, मुळा आणि टोफूचं पांढरं सार. त्यात लसूण नाही, तिखट नाही. ओकनामने चमचा बुडवून तोंडाकडे नेला तसा सासूने तिच्या मनगटावर फटका मारला.

"पितरांच्या आधी जीभ लावतेस?"

"मग मीठ कसं कळायचं, आई?"

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"काही नाही." तोवर कुणी तिला विचारलंच नव्हतं.

"मग वाफेवर तोंड धर. मीठ घालत जा. तोंडाला पाणी सुटलं की हात थांबव."

ओकनामने तसंच केलं. पाणी सुटलं, हात थांबला. संध्याकाळी श्राद्ध आटोपल्यावर सासरे तीन वाट्या सार प्याले. पुढे सासरे गेले, सासू गेली, आणि चार वर्षांमागे नवरा पिलदोही गेला. ज्याच्या त्याच्या श्राद्धाला ओकनामने न चाखता मीठ घातलं. एकदाही चुकलं नाही. तिचं शिक्षण बेताचंच होतं. गाणं येत नव्हतं, सायकलही येत नव्हती. ही एक गोष्ट तिला येत होती.

मधुमेह अकरा वर्षांचा. गोळ्या होत्याच. मग डाव्या पायाची बोटं बधिर झाली. गेल्या हिवाळ्यात विजेच्या गरम चटईवर तिचा पाय भाजला आणि तिला कळलंच नाही. जळका वास आला तो पाहुणी आलेल्या सुनेला, दासोमला. तिनेच मग ओकनामला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, हळू बोलायचे.

"या सुईने अन्न पोटातून सावकाश पुढे सरकेल. पोट भरल्याची खबर मेंदूला लवकर पोहोचेल. साखर खाली येईल, वजनही. सुरुवातीला मळमळेल थोडं."

त्यांनी सांगितलं तसंच झालं. उन्हाळा सरेपर्यंत आठ किलो गेले. साखर इतकी उतरली की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. पायाची जखम भरली.

बाजारात तिची कंबर हा चर्चेचा विषय झाला. माकसुन अक्का खाडीच्या चिखलात फळी ढकलत शिंपले वेचायची, सत्तरी उलटली तरी. ती टोपली खाली ठेवून ओकनामभोवती एक चक्कर मारायची.

"तुझा मागचा भाग कुठे गेला गं? चोरीला गेला?"

"सुईने खाल्ला, अक्का."

"एवढीशी सुई, आणि एवढं खाल्लं! तिला होईल आता मधुमेह."

दासोम दर गुरुवारी दूर इंचन शहरातून फोन करायची.

"आई, टोचलं?"

"टोचलं."

"उलटी वगैरे?"

"नाही. तळणीचा वास आला की जरा ढवळतं."

"जेवलात?"

पूर्वी या प्रश्नाला ओकनाम दहा मिनिटं उत्तर द्यायची. आता म्हणायची, "जेवले."

खोटं नव्हतं ते. घड्याळात बघून ती जेवायची. पण दिवसाला आता टोकं उरली नव्हती. पूर्वी सहा वाजता पोट भुकेने कुरकुरायचं आणि त्याच वेळी दारात पिलदोचे बूट वाजायचे. तो गेल्यावरही सहाला पोट कुरकुरायचं, आणि क्षणभर तिला बूट ऐकू यायचे. आता सहा वाजायचे आणि नुसतेच निघून जायचे. ती दुकानाच्या पायरीवर बसून खाडीकडे बघायची. ओहोटीचा चिखल दूरवर राखाडी पसरलेला असायचा. कधी वाटायचं, आपणही तशाच आहोत. पाणी गेलंय, आणि परत यायचं विसरलंय.

दुकानात तिचं अडत नव्हतं. तिथे चाखता येत होतं आणि जीभ शाबूत होती. खारट ते खारट लागायचं, आंबट ते आंबट. चव कळत होती. ओढ नव्हती.

अडलं ते चुसकला, शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला. पितरांसाठी सार ठेवलं. ओकनामने वाफेवर तोंड धरलं आणि मीठ घातलं. वाट बघितली. पुन्हा घातलं. तोंड कोरडं. वाफ चेहऱ्यावर येत होती, मुळ्याचा वास येत होता, आणि तिच्या आत कुणीही उठून बसत नव्हतं. शेवटी तिने अंदाजाने हात आवरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, अंदाजाने.

नमस्कार झाले. सगळे जेवायला बसले. मुलगा इनग्यू साराचा एक घोट प्याला, वाटी खाली ठेवली, आणि बोलता बोलता किमचीचं भांडं आपल्याकडे ओढलं.

ओकनामने ते बघितलं. पिलदो असाच करायचा. रोजचं काही आळणी झालं तर बोलायचा नाही. किमची ओढायचा.

चारच दिवसांनी पिलदो स्वप्नात आला. ओहोटीच्या चिखलात मधोमध बसला होता, पुढ्यात श्राद्धाचं लहान मेज. भात, सार, मासा, खजूर, पर्सिमॉनची फळं, सगळं मांडलेलं. तो चमचा उचलत नव्हता. नुसता हाताने मेजाच्या कडा चाचपत होता, या बाजूला, त्या बाजूला. तो काय शोधतोय ते ओकनामला कळलं. पण श्राद्धाच्या मेजावर किमची नसते. ती त्याच्याकडे धावायला गेली तर पाय चिखलात रुतले. डावा पाय रुतल्याचं तिला जाणवलंसुद्धा नाही.

तिने हे माकसुन अक्काला सांगितलं.

"उपाशी गेला गं तो, अक्का."

अक्का शिंपले धूत होती. हात थांबवून म्हणाली, "पौषात त्याचं श्राद्ध आहे ना? तेव्हा नीट घाल मीठ."

"कशाने घालू? आत काही राहिलंच नाही."

अक्काने टोपली पुढे ओढली. तिने चार शिंपले जास्त दिले.

खाडीवर थंडी पडली. शिंपले भरदार झाले. पिलदोचं श्राद्ध जवळ आलं तसं ओकनामच्या मनात एक विचार येऊन बसला आणि हलेना. एका गुरुवारी तिने फ्रिज उघडला. सोयाबीनच्या लगद्याच्या डब्यामागे सुयांचं खोकं होतं. तिने ते बघितलं आणि फ्रिज बंद केला.

"आई, टोचलं?"

"टोचलं."

पुढच्या गुरुवारीही तेच. दासोमशी ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती. फोन ठेवल्यावर कान गरम व्हायचा.

ती भुकेची वाट बघू लागली. सकाळी उठून पोटावर हात ठेवायची. परगावाहून येणाऱ्या माणसासाठी दार उघडं ठेवावं, तसं तिने तोंड उघडं ठेवलं होतं. पण औषध अंगातून सावकाश जातं. भूक आली नाही. तहान मात्र आली. पाण्यावर पाणी, आणि दुपारी डोळ्यांसमोर पातळ पडदा. बाजारातले दिवे कडेने विरघळल्यासारखे दिसायचे. डाव्या पायाची बोटं पुन्हा दूर गेली, जणू दुसऱ्याच कुणाची.

श्राद्धाचा दिवस उजाडला तेव्हा तिला एवढंच कळलं की आपण खोटंही बोललो आणि हाती काही लागलंही नाही.

अक्काने पहाटे वेचलेले शिंपले आणले. ते ओकनामने उकळले. पळी एकाच दिशेने फिरवत राहायची, एक-दोन तोंडं उघडली की उतरवायचे, नाहीतर आतला रस जातो. त्या कामाला भूक नको, डोळे हवेत. ते साधलं. मासा साधला. टोफू साधला. साराचं पातेलं मंद आचेवर राहिलं. मीठ तिने अजून घातलं नव्हतं.

चार वाजता दासोम आली. इनग्यू कामावरून परस्पर येणार होता, ती बसने पुढे आली होती. दारातच कोट काढला, फळांची पेटी ठेवली, मांसाचं पुडकं ठेवायला फ्रिज उघडला आणि तिथेच उभी राहिली.

"आई."

"काय गं?"

"या खोक्यात एक सुई उरायला हवी होती. तीन आहेत."

ओकनाम पळी फिरवत राहिली.

"मोजत बसलीस होय?"

"बसले. कुणीतरी मोजायला नको? किती दिवस झाले?"

"दोन गुरुवार."

"मला फोनवर टोचलं म्हणालात!"

"म्हणाले."

"कशासाठी?"

"भूक हवी होती. आजच्यापुरती."

दासोमने फ्रिज लावला. मग चुलीजवळ आली.

"भूक?"

"मीठ घालायला. चुसकला तुझ्या सासऱ्याचं सार आळणी गेलं. उपाशी उठला तो."

"मग चमचाभर चाखा ना! एवढ्यासाठी? कोण बघतंय इथे?"

"तो बघतोय."

"मग बघू दे! पाय नसलेली बायकोही बघायचीय का त्यांना? तुमचा पाय जळत होता आणि तुम्ही टीव्ही बघत होतात, आई. वास मला आला. मला! मी अजून झोपेत तो वास..."

ती थांबली. पातेल्याची वाफ तिच्या तोंडावर आली होती. डोळे भरले होते, आवाज चढला होता, आणि त्या सगळ्याच्या मधोमध तिचा गळा हलला. तिने आवंढा गिळला.

रडण्याचा आवंढा वेगळा असतो. ओकनामला तो ओळखता येत होता. हा तो नव्हता.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"विषय बदलू नका."

"काय खाल्लंस ते सांग."

"काही नाही. बस विसाव्याला थांबली तेव्हा मला झोप लागली होती. अक्रोडाच्या वड्या घ्यायच्या राहिल्या. त्याचं काय आत्ता?"

ओकनामने तिचं मनगट धरलं. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या मनगटावर बसलेला फटका तिला तिथे, दासोमच्या कातडीखाली, जाणवल्यासारखा झाला.

"इथे उभी राहा. वाफेवर तोंड धर."

"मी भांडतेय, आई."

"भांड. पण इथे उभी राहून भांड. चाखायचं मात्र नाही."

दासोम भांडत राहिली. ओकनामने डाव्या हाताने मिठाचा सट उघडला. एक चिमूट.

"उद्या सकाळी पहिल्यांदा डॉक्टरांना फोन करायचा. दोन चुकल्यात. पुढची किती घ्यायची ते ते सांगतील, तुमच्या मनाने नाही..."

दुसरी चिमूट. ओकनाम सुनेच्या गळ्याकडे बघत होती. बारीक, गोरा, प्रवासात कोमेजलेला गळा. सून आल्यापासूनच्या आठ वर्षांत तिने तो कधी नीट बघितलाच नव्हता.

"...आणि पुन्हा मला खोटं सांगितलंत तर मी इथे येऊन राहीन. इनग्यूला तिकडे एकट्याला..."

तिसरी चिमूट. वाफ जराशी बदलली. दासोमचं वाक्य अर्ध्यात राहिलं. तिने ओठ मिटले. गळा वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला.

ओकनामचा हात थांबला.

"काय केलंत?" दासोमने विचारलं.

"मीठ घातलं," ओकनाम म्हणाली. "तू घातलंस."

सातला श्राद्ध लागलं. पूर्वी मध्यरात्री व्हायचं. आता सकाळी सगळ्यांना कामं असतात. इनग्यूने दारू ओतली, वाकून नमस्कार केले, भातात चमचा उभा रोवला. मग दिवा तसाच ठेवून सगळे खोलीबाहेर आले आणि दार लावून घेतलं.

माणूस नऊ घास खाईल एवढा वेळ बाहेर थांबायचं असतं. कुणी बोलत नाही. इनग्यू, दासोम, माकसुन अक्का, सगळी मान खाली घालून अंधाऱ्या पडवीत उभी होती. कागद ताणून बसवलेल्या दारावर आतला उजेड मधासारखा साकळला होता. ओकनाम मनात मोजत होती. पहिला घास भाताचा. मग सार. तो आधी फुंकर घालायचा. तिने फुंकरीइतका वेळ सोडला. तिसरा शिंपला. चौथ्याला तिला त्याचा हात दिसला, मेजाच्या कडेला. हात चाचपत नव्हता. वाटीभोवती होता. पाच, सहा. खाडीवरून वारा येत होता, त्यात भरतीचा वास होता. सातव्या घासाला पुन्हा सार. आठवा सावकाश. नवव्याला तिने जरा जास्तच वेळ दिला.

इनग्यू रीतीप्रमाणे तीनदा खाकरला आणि त्याने दार उघडलं.

नंतर पितरांच्या पुढचं ताट सगळ्यांत वाटलं गेलं. इनग्यू साराचा एक घोट प्याला. ओकनाम त्याच्या हातांकडे बघत होती. किमचीचं भांडं जागच्या जागी राहिलं. त्याने वाटी संपवली आणि पुढे केली.

"आई, आणखी आहे?"

माकसुन अक्काने मात्र तोंडात घोळवून बघितलं.

"जरा खारट झालंय."

"झालं असेल."

"तुझ्या हातचं नाही हे."

"नाही."

"भुकेल्या माणसाच्या हातचं आहे," अक्का म्हणाली, आणि भात सारात ओतून कालवू लागली.

ओकनाम तीन चमचे प्याली. सार खारटच होतं, चिमूटभर. दासोम इंचनकडच्या माणसांत वाढलेली, तिची भूक वेगळी, तिचं मीठ वेगळं. चौथा चमचा हातात राहिला. तिने तो वाटीत सोडला आणि वाटी सुनेकडे सरकवली. दासोमने ती संपवली. मग दुसरी. मग मासा. खाताना तिचे डोळे मिटत होते. ओकनाम ते बघत बसली. आतली शांतता तशीच होती, पण आता ती रिकाम्या घराची वाटत नव्हती. घरात कुणीतरी झोपलंय आणि आपण पाऊल न वाजवता वावरतोय, तशी वाटत होती.

डॉक्टर रागावले, पण फार नाही. सुया पुन्हा लहान मात्रेपासून सुरू झाल्या. डोळ्यांवरचा पडदा विरला. पिलदो त्यानंतर एकदा स्वप्नात आला. त्याच चिखलात, त्याच मेजापुढे. भरतीचं पाणी येत होतं, मेज अलगद उचललं जात होतं, आणि तो जेवत होता. त्याने वर बघितलं नाही.

वसंतात सासूचं श्राद्ध होतं. त्याआधीच्या गुरुवारी फोन वाजला.

"आई, टोचलं?"

"टोचलं. थांब, खोकं आणून दाखवते तुला."

"नको. विश्वास आहे." मग जरा थांबून, "येताना काय आणू?"

ओकनाम पायरीवर बसली होती. सहा वाजत होते. खाडीत पाणी हळूहळू वर चढत होतं.

"काही आणू नकोस," ती म्हणाली. "आणि विसाव्याला त्या अक्रोडाच्या वड्या घेऊ नकोस. घेतल्यास तर पिशवीत ठेव. उपाशी ये."